तोंडीलावणं पंधरा मिनिटांत: फरसबीच्या नोंदी

४ मार्च २०२५, मंगळवार

आजपासून लिहून ठेवायचं ठरवलं, कारण आज तिसऱ्यांदा तोच प्रकार झाला. झटपट काहीतरी हिरवं आणि झणझणीत करावं म्हणून फरसबी घेतली आणि ताटात जे पडलं ते ना हिरवं, ना झणझणीत. शेवाळी रंगाचे लिबलिबीत तुकडे, मधे मधे काळा पडलेला लसूण आणि खाली चमचाभर गढूळ पाणी. झटपट म्हणाल तर घड्याळात ३१ मिनिटं गेली होती. लेकीने एक तुकडा काट्यावर उचलला, तो दोन्ही बाजूंनी खाली लोंबला. ती काही बोलली नाही. तेच जास्त लागलं.

बायकोची सध्या संध्याकाळची पाळी आहे, त्यामुळे रात्रीचा स्वयंपाक निदान महिनाभर तरी माझ्याकडे. मुख्य जेवण मला जमतं. अडतं ते तोंडीलावण्यापाशी. ते शेवटी करायचं असतं, तोवर सगळ्यांना भूक लागलेली असते आणि माझी आच मोठी झालेली असते.

अटी लिहून टाकतो, म्हणजे नंतर पळवाट नको. सुरी हातात घेतल्यापासून ताटात पडेपर्यंत १५ मिनिटं. रंग हिरवा, ‘हिरवट’ चालणार नाही. तिखट जिभेला लागायला हवं, घशाला नको. जिन्नस पाचच: फरसबी, हिरवी मिरची, लसूण, तेल, मीठ. मसाल्याखाली चूक लपते, म्हणून तूर्त मसाले बंद. दर वेळी ४०० ग्रॅम घ्यायची, चौघांना बाजूला पुरेल इतकी.

६ मार्च, गुरुवार

आज चवीकडे बघायचंच नाही, फक्त वेळ मोजायचा असं ठरवून उभा राहिलो. धुणं २ मिनिटं, निवडणं ८, चिरणं ६, लसूण सोलणं ४, गॅसवर ११. म्हणजे ३१ पैकी २० मिनिटं आच पेटायच्या आधीच गेलेली. आणि मी इतके दिवस गॅस मोठा करून वेळ वाचवत होतो!

निवडण्यातली आठ मिनिटं निव्वळ सवयीची निघाली. मी एकेक शेंग उचलून दोन्ही टोकं मोडतो आणि कडेची शीर ओढतो. आज मोजून वीस शेंगांची शीर ओढली, हाताला काही लागलं ते दोन शेंगांत, आणि त्याही निबर होत्या. बाजारात येणाऱ्या बहुतेक वाणांना आता शीर उरलेलीच नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या ल रॉय गावच्या कॅल्विन कीनी नावाच्या माणसाने १८९४ च्या सुमारास निवड करत करत बिनशिरेची फरसबी तयार केली. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न मी रोज संध्याकाळी पुन्हा सोडवत होतो.

नवी पद्धत: मूठभर शेंगा पाटावर उभ्या ठोकून टोकं एका रेषेत आणायची आणि एका घावात देठ उडवायचे. दुसरं निमुळतं टोक ठेवायचं, ते छान कुरकुरीत होतं. मग तशाच जुडीत तिरके, बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे. तिरका काप दिसायला बरा असतोच, पण आतला भागही जास्त उघडा पडतो, त्यामुळे आच लवकर पोचते. लसणाच्या पाकळीवर सुरीचं पातं आडवं ठेवून तळव्याने दाबलं की साल आपोआप सुटते. सगळं मिळून ७ मिनिटं. गॅससाठी ८ उरली.

८ मार्च, शनिवार

रंगाचा दिवस. सुट्टी होती म्हणून दोन सारखी पातेली घेतली, प्रत्येकात १५० ग्रॅम फरसबी, अर्धा चमचा तेल, दोन चमचे पाणी, आच सारखी. एकावर झाकण, एक उघडं. दर मिनिटाला एकेक तुकडा काढून पांढऱ्या बशीत ओळीने मांडत गेलो. आई मधे येऊन बघून गेली. “शाळेचा प्रयोग चाललाय का?” म्हणाली.

पहिल्या मिनिटाला दोन्हीकडे रंग एकदम उजळला, कच्च्या शेंगेपेक्षाही गडद हिरवा. हे मी आधीही पाहिलं होतं, पण थांबून पाहिलं नव्हतं. पेशींच्या मधे अडकलेली हवा उष्णतेने निघून जाते, त्यामुळे वरचा दुधाळ पडदा सरकल्यासारखा आतला रंग दिसू लागतो. तिसऱ्या मिनिटापर्यंत दोन्ही तुकडे जुळे भाऊ. पाचव्याला झाकणाखालचा जरा मंदावला. आठव्याला तो सरळ शेवाळी, आणि उघड्यातला अजून हिरव्याच्या बाजूला, पण डळमळीत. बशीतली ती ओळ डावीकडून उजवीकडे म्हातारी होत गेलेली दिसत होती.

कारण असं. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू बसलेला असतो, हिरवा रंग त्याच्या जोरावर. शिजताना पेशी फुटतात, भाजीतलीच आम्लं बाहेर पडतात आणि मॅग्नेशियमला उठवून त्याच्या जागी हायड्रोजन बसतो. उरतं ते फिओफायटिन, रंगाने शेवाळी. यातली काही आम्लं वाफेबरोबर उडून जाणारी असतात. झाकण असलं की ती वर जाऊन थेंबांबरोबर परत भाजीवर पडतात.

निष्कर्ष: झाकण नको.

९ मार्च, रविवार

आम्लाने रंग जातो तर आम्ल मारून टाकू, या हुशारीने उकळत्या पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकला. रंग काय आला म्हणता! प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखा हिरवागार. लेक म्हणाली, “बाबा, हे खोटं वाटतंय.” खाल्ल्यावर कळलं की ती बरोबर होती. चार मिनिटांत शेंगेचा कणा गेलेला, साल बोटाला बुळबुळीत लागत होती आणि मागून साबणासारखी चव. सोड्याने पेशींच्या भिंतींना बांधून ठेवणारं द्रव्य विरघळतं, शिवाय काही जीवनसत्त्वंही नासतात. सोड्याचा डबा परत वरच्या फळीवर.

आठवड्याभरात दोन पद्धती बाद झाल्या, हेही नसे थोडके.

१२ मार्च, बुधवार

उशीर झाला, प्रयोग नाही, साधीच परतली. मिरच्या फिक्या निघाल्या. चाराच्या जागी सहा घातल्या तरी जीभ हलली नाही. मागच्या आठवड्यात याच जातीच्या तीन मिरच्यांनी घाम काढला होता. एकाच झाडावरच्या दोन मिरच्यांचंही पटत नाही. त्यामुळे कृतीत “मिरच्या ४” असं लिहिण्याला काही अर्थ नाही. आधी एक कण चाखायचा, मग आकडा ठरवायचा.

१५ मार्च, शनिवार

आजचा दिवस मिरचीला दिला. बराच गेला.

एक मिरची उभी चिरून उघडली आणि तिचे भाग वेगवेगळे चाखले, मधे दुधाचा घोट. शेंड्याकडची हिरवी भिंत: गवतासारखी, जवळपास गोडसर. देठाकडची भिंत: थोडी चुरचुर. बी धुऊन, पुसून चावलं तर कडसर, तिखट जेमतेम. आणि बी ज्याला चिकटलेलं असतं तो पांढरा मऊ गाभा, त्याचा तांदळाएवढा तुकडा जिभेवर ठेवला तर डोळ्यांतून पाणी. तिखटपणा बियांत असतो हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. खरा कारखाना तो गाभा. बी त्याला टेकून असतं म्हणून त्याच्यावर शिंतोडे उडतात, इतकंच. तिखट कमी-जास्त करायचं तर मिरच्यांची संख्या बदलण्यापेक्षा गाभा ठेवायचा की खरवडायचा हे ठरवणं जास्त सोपं.

मग ती कढईत कधी पडावी? तीन वाटे केले. पहिल्यात मिरच्या नुसत्या मधे चिरा देऊन, अख्ख्याच टाकल्या. मिरचीचा वास आला, तिखट आलं नाही, आणि एकाच्या ताटात अख्खी मिरची गेली त्याचं कल्याण. दुसऱ्यात बारीक चिरलेली मिरची धुरावलेल्या तेलात टाकली. जो खकाणा उठला त्याने आई आतल्या खोलीतून खोकत बाहेर आली, मी खिडकीपाशी, आणि लेक दार उघडून सरळ जिन्यात. गंमत म्हणजे त्या वाट्यातली भाजी तिघांत सर्वांत कमी तिखट लागली. तिखट भाजीत राहण्याऐवजी आमच्या नाकात गेलं होतं. तिसऱ्यात मिरची आणि चिमूटभर मीठ खलबत्त्यात जाडसर ठेचलं, गार तेलात घातलं आणि मंद आचेवर एकत्र तापवलं. खकाणा नाही, तेलाला फिकट हिरवी झाक आली, आणि तिखट प्रत्येक तुकड्याला सारखं लागलं.

तिखटाचं मूळ द्रव्य, कॅप्सेसिन, तेलात विरघळतं, पाण्यात जवळजवळ नाही. मंद तापणारं तेल त्याला ओढून घेतं आणि मग भाजीभर वाटत फिरतं. भाजीत पाणी राहिलं असेल तर तिखट पाण्यावर तरंगणाऱ्या तेलात अडकतं; मग एक घास पाणचट आणि दुसऱ्या घासाला कान लाल. माझ्या ४ तारखेच्या भाजीचं नेमकं हेच झालं होतं. तोंड भाजल्यावर पाणी पिऊन उपयोग होत नाही आणि दुधाने होतो, तेही यामुळेच. दुधातली प्रथिनं त्याला धरून नेतात.

एक गोष्ट अचानक लक्षात आली. कढईतून काढून लगेच चाखलेला तुकडा जाळ वाटला. तोच वाटा दहा मिनिटांनी चाखला तर बेताचा. आधी वाटलं जीभ बधिर झाली, म्हणून लेकीला चाखायला दिला. तिचंही मत तेच. जिभेवर ज्या ग्राहकाला (संवेदना टिपणाऱ्या प्रथिनाला) मिरची चेतवते तोच ग्राहक सुमारे ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही चेततो. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये तो शोधला आणि २०२१ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आर्डेम पटापूटियन यांच्यासोबत मिळालं. म्हणजे गरम आणि तिखट ही जिभेच्या लेखी एकाच दारावरची दोन माणसं. दोघांनी एकदम कडी वाजवली की आवाज मोठा येणारच. व्यवहारात: तिखटाचा अंदाज उकळत्या घासावर घेऊ नये, फुंकर मारून कोमट करून घ्यावा.

१६ मार्च, रविवार

काल मिरच्या ठेचल्यावर हात दोनदा साबणाने धुतले होते. रात्री झोपताना डोळा चोळला. पुढचा अर्धा तास लिहिण्यासारखा नाही. आई म्हणाली, “आधी हाताला तेल चोळ, मग साबण लाव.” तेलात विरघळतं हे कालच मी दीड पान लिहिलं होतं. हाताला मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

१९ मार्च, बुधवार

लसूण. वेळ थोडा होता, पण एका गोष्टीचा निकाल लागला.

माझा लसूण दर वेळी का करपतो? मी तो बारीक चिरून कडकडीत तेलात टाकतो आणि वर भाजी टाकेपर्यंत हात पुसत बसतो. आज उलट केलं. सहा पाकळ्या जाडसर ठेचल्या, मिरची ठेचेपर्यंत तशाच ठेवल्या (लसणाची पेशी फुटली की एक विकर (एन्झाइम) कामाला लागून त्याचा तो उग्र वास तयार करतं, आणि ते विकर उष्णतेने लगेच मरतं, म्हणून ठेचल्यावर दोन-तीन मिनिटं दम धरलेला बरा). मग मिरचीसोबत गार तेलात, मंद आच.

कढईत वाकून बघत राहिलो. आधी काही नाही. मग कणांच्या कडेने बारीक बुडबुडे, सोड्याच्या पाण्यासारखे. ते बुडबुडे म्हणजे लसणातलं पाणी. साधारण दीड मिनिटाने ते विरळ झाले, कच्चा वास जाऊन खमंग वास आला आणि एखाददुसऱ्या कणाची कड पिवळसर दिसली. याच क्षणी उतरवायचं. पिवळा होईपर्यंत थांबलं तर उतरवल्यावर तेलाच्या उष्णतेत तो तांबूस होतो, आणि तांबूस होईपर्यंत थांबलं तर काळा. बुडबुडे आहेत तोवर पाणी आहे आणि पाणी आहे तोवर लसूण करपत नाही. ते संपले की हिशेब सेकंदांचा.

म्हणून लसूण-मिरचीचं तेल वेगळं, छोट्या कढल्यात. भाजीच्या कढईत लसूण जाणारच नाही. मोठ्या आचेवर लसूण टिकत नाही आणि मंद आचेवर फरसबी होत नाही. दोघांना एका भांड्यात नांदवायचा हट्ट मी का धरला होता कोण जाणे.

२२ मार्च, शनिवार

हिरवा रंग, तिखट, लसूण, सगळं सुटं सुटं जमलं आणि एकत्र केल्यावर भाजी पुन्हा ओलसर, मऊ. डाग पडत नाहीत, खरपूस वास येत नाही. आच पूर्ण मोठी, तरीही कढईतून नुसती फसफस.

आई दारात उभी होती. म्हणाली, “अरे, ती शिजतेय. परततेय कुठे? आवाज ऐक की.”

“आवाजाचं काय?”

“ओल्या भाजीचा आवाज असा येतो. धुऊन तशीच टाकलीस ना? आधी फडक्यावर पसरायची असते, एवढंही…” पुढचं वाक्य तिने गिळलं.

मग काटा काढला. फरसबी धुण्याआधी ४००, चाळणीत निथळून ४२६, फडक्यात घोळून ४०४. म्हणजे नुसती निथळली तर २६ ग्रॅम पाणी आपण स्वतःच्या हाताने कढईत घालतो. १ ग्रॅम पाणी २० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३३५ जूल लागतात, आणि त्याची वाफ करून घालवायला आणखी सुमारे २,२६० जूल, जवळजवळ सातपट. कढईला दर सेकंदाला हजार जूल मिळतात असं धरलं तर हे बाहेरचं पाणी उडवण्यातच मिनिटाहून जास्त जातं. शेंगेचं आतलं पाणी निराळंच. आणि पृष्ठभाग ओला आहे तोवर तो १०० अंशांच्या वर जात नाही, खरपूसपणा तर साधारण १४० च्या पुढे सुरू होतो. मोठी आच इतके दिवस पाणी आटवण्याची मजुरी करत होती.

दुसरा भाग गर्दीचा. माझ्या खोलगट कढईत ४०० ग्रॅम म्हणजे तीन थर. खालचा थर वाफ सोडतो, वरचे दोन त्या वाफेत उकडतात. आज कोरडी केलेली फरसबी रुंद, जाड बुडाच्या लोखंडी तव्यावर निम्मी निम्मी करून एका थरात टाकली. आवाज लगेच बदलला. फसफस गेली, कोरडी, बारीक, सलग चरचर सुरू झाली. दीड मिनिट हात न लावता ठेवली, मग उलटली. पोटावर तपकिरी डाग, पाठ हिरवी. खरपूस वास आल्यावर लेक न बोलावता आली.

फक्त आत कच्ची. दाताखाली करकरीत म्हणजे काकडीसारखी कचकच नव्हे. फरसबी ही राजम्याच्याच जातीची कोवळी शेंग. कच्च्या शेंगेत पोट बिघडवणारं लेक्टिन असतं आणि ते नीट शिजल्यावर जातं. आत गरम वाफ पोचायला हवी.

२३ मार्च, रविवार

जमली. १४ मिनिटं २० सेकंद.

८ तारखेला “झाकण नको” असं ठासून लिहिलं होतं, ते आज मीच मोडलं. त्या बशीतली ओळ आठवली: तिसऱ्या मिनिटापर्यंत झाकणाखालचा तुकडाही हिरवाच होता. रंग बिघडतो तो झाकण बराच वेळ राहिलं की. मग एक मिनिट ठेवायला काय हरकत?

आज केलं ते असं. आधी फरसबी धुऊन फडक्यात गुंडाळून ठेवली. मिरची आणि लसूण ठेचले, म्हणजे त्यांना दम मिळाला आणि तोवर फडक्याने पाणी प्यायलं. फरसबी चिरली. रुंद तवा मोठ्या आचेवर, एक मोठा चमचा तेल, अर्धी फरसबी एका थरात, दीड मिनिट हात नाही, उलटून आणखी एक मिनिट, ताटात काढली. दुसरी अर्धी तशीच. तेवढ्यात शेजारच्या मंद आचेवर छोट्या कढल्यात दुसरा चमचाभर तेल, त्यात लसूण-मिरची गार असतानाच घातलेली. बुडबुडे विरळ होताच उतरवली. मग सगळी फरसबी तव्यावर, दोन मोठे चमचे पाणी, चर्र झालं की झाकण, बरोबर एक मिनिट. झाकण काढलं तेव्हा फसफस होती, वीस सेकंदांत ती परत चरचरीवर आली, म्हणजे पाणी संपलं. गॅस बंद. वरून लसूण-मिरचीचं तेल, मीठ ४ ग्रॅम (फरसबीच्या वजनाच्या शेकडा १, मिरचीसोबत ठेचलेलं धरून), दोनदा हलवलं, ताटात.

रंग: हिरवा, पोटावर डाग. तिखट: प्रत्येक घासाला, मागून. खाली पाणी: नाही. लेकीने तुकडा काट्यावर उचलला, तो सरळ राहिला. तिने तो माझ्याकडे वळवून दाखवला आणि मग खाल्ला.

२६ मार्च, बुधवार

सहावा जिन्नस म्हणून लिंबू पिळून बघितलं. चव सुंदर. तिखटाला धार येते. पण बायकोसाठी झाकून ठेवलेली वाटी रात्री साडेदहाला उघडली तर तीच ती ४ मार्चची शेवाळी. आम्लाने रंग जातो हे माहीत असून मी आम्ल ओतलं आणि वर गरम भाजी झाकून ठेवली! लिंबू ताटात, ज्याच्या त्याच्या हाताने.

दुसऱ्या दिवशी नेण्यासाठी भरायची असेल तर मोठ्या ताटात पसरून पूर्ण निववायची, मगच डब्यात. बंद डब्यात गरम भाजी शिजतच राहते. बायको हे ऐकून म्हणाली, “मला रंगाचं काही नाही, पण लिंबू हवंच.” नोंद केली.

२९ मार्च, शनिवार

हीच पद्धत इतर हिरव्या भाज्यांना चालते का, थोडक्यात. ब्रोकोली: चालते, फक्त तुरे सपाट कापून सपाट बाजू तव्याला लावायची; जाड देठ सोलून पातळ चकत्या केल्या तर तुऱ्यांपेक्षा चविष्ट लागतात, टाकू नये. तुऱ्यांत पाणी लपून बसतं, म्हणून झटकून वाळवायला जास्त वेळ. पालक: अजिबात चालत नाही. दहातले नऊ भाग पाणी, ३०० ग्रॅम पानांची मूठभर झाली. पालकाला आधी तयार लसूण-मिरचीचं तेल तव्यात, मग पानं, मोठी आच, दीड मिनिट, सुटलेलं पाणी ओतून द्यायचं. खरपूसपणाची आशा सोडावी.

२ एप्रिल, बुधवार

पाहुणे आले. ८०० ग्रॅम एकदम तव्यावर टाकली. वर लिहिलेलं सगळं मला माहीत होतं. पुढे लिहीत नाही.

५ एप्रिल, शनिवार

लेक म्हणाली, आज मी करते, पण तुम्ही आत यायचं नाही. मी पुढच्या खोलीत घड्याळ घेऊन बसलो. आई शेजारी लसूण सोलायच्या निमित्ताने बसली होती, लसूण तर लेकीने आधीच नेला होता.

सुरी पाटावर. खलबत्ता. मग बराच वेळ काहीच नाही. आई म्हणाली, “पुसतेय.” तव्यावर तेल, मग ती कोरडी चरचर, अखंड. आईने मान हलवली. दुसऱ्या वाट्याची चरचर. मग चर्र, आणि झाकणाचा ठण्ण आवाज, आणि आतून दबलेली फसफस. मी घड्याळाकडे बघितलं. पन्नास सेकंद. साठ. सत्तर. खुर्चीतून अर्धा उठलो.

“झाकण काढ!”

“काढलंय, बाबा. केव्हाच.”

खरंच, चरचर परत आली होती. माझं लक्ष घड्याळाकडे होतं.

१६ मिनिटं १० सेकंद. एक मिनिट जास्त, कारण तिने मिरचीचा कण चाखून मग पाणी प्यायलं आणि दूध शोधण्यात वेळ गेला. मिरच्या तिने तीनच घातल्या होत्या आणि एकीचा गाभा काढून टाकला होता. तिखट बेताचं, बरोबर. खाली पाणी नाही.